पाठलागाचं संगीत: तीन मिनिटं बारा सेकंदांचं एक प्रकरण

मिक्सिंगच्या, म्हणजे संवाद, आवाज आणि संगीत एकत्र बसवण्याच्या, तिसऱ्या दिवशी, दुपारचे डबे खाऊन झाल्यावर, आमच्या दिग्दर्शकानं खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, "दादा, म्युझिक ऐकूच येत नाहीये."

मिक्सिंगला बसलेली आमची साउंड इंजिनियर पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "येतंय की. पण त्याचं इंजिन झालंय."

आठ दिवस खपून लिहिलेल्या माझ्या संगीताबद्दल इतकं नेमकं आणि इतकं झोंबणारं तोवर कुणी बोललं नव्हतं. त्या वाक्यानंतरच्या तीन आठवड्यांत काय काय झालं, ते इथे लिहून ठेवतोय. पुण्यात बसून, मोजक्या पैशांत, विज्ञानकथेच्या मालिकेला ऑर्केस्ट्राचं संगीत देऊ पाहणाऱ्या कुणाला तरी त्यातलं काहीतरी उपयोगी पडेल.

मालिका चार भागांची, मराठी, वेबसाठी. चित्रीकरण भोसरीतल्या एका रिकाम्या शेडमध्ये, आणि यानं, ढिगारे, ग्रह वगैरे सगळं कर्वेनगरच्या एका फ्लॅटमध्ये तीन मुलांनी संगणकावर केलेलं. दिग्दर्शकाला हे खूळ लागलं खोडदची रेडिओ दुर्बीण पाहून. नारायणगावजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, आणि त्या सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या दिसल्या की माणसाच्या डोक्यात काहीही येऊ शकतं. याच्या डोक्यात अवकाशातला पाठलाग आला.

दुसऱ्या भागाच्या शेवटी तो पाठलाग आहे, तीन मिनिटं बारा सेकंदांचा. रसद नेणारं एक जुनं यान, मागे गस्तीचं यान, आणि दोघांच्या मध्ये फुटलेल्या अवकाशस्थानकाचा ढिगारा. १ मिनिट ४१ सेकंदांवर वैमानिक मुलगी मुद्दाम इंजिन बंद करते. यान मेल्यासारखं ढिगाऱ्यात तरंगत राहतं, गस्तीवाले शेजारून जातात, मग इंजिन पुन्हा पेटतं आणि शेवटची पळापळ.

इंजिनाचा आवाज कुठून आला तेही सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यामुळे झाली. सदाशिव पेठेतली पिठाची गिरणी. आमच्या साउंड इंजिनियरनं तिथे जाऊन गहू दळला जात असताना अर्धा तास रेकॉर्डिंग केलं, ते दोन सप्तकं खाली आणलं आणि त्यात बोअरच्या पंपाची घरघर मिसळली. ऐकून अंगावर काटा येतो. गिरणीवाले काका अजून विचारतात, "आमचं यान कधी उडतंय?"

आता माझं पाप. एडिटिंग चालू असताना, मूळ संगीत यायच्या आधी, दृश्याखाली कुठलं तरी तयार संगीत लावून ठेवतात. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. आमच्या एडिटरनं 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतला मरे गोल्ड यांचा तुकडा लावला होता, २०१० साली आलेल्या नव्या डॉक्टरचा, म्हणजे नायकाचा, सात मात्रांचा धावता ठेका. वाजवणारी मंडळी बीबीसी नॅशनल ऑर्केस्ट्रा ऑफ वेल्स. दोन महिने दिग्दर्शक रोज तेच ऐकत होता. दोन महिने एकच ताट जेवलेल्या माणसाला दुसऱ्या हातची आमटी कशी लागेल! मला त्यानं सांगितलं ते असं: "दादा, असंच नको, पण असं हवं."

मी सात मात्रा घेतल्या. इतपत चोरी चालते, सात मात्रा कुणाच्या बापाच्या नाहीत. रूपक तर आपण लहानपणापासून ऐकतोच. लय अशी धरली की एक आवर्तन बरोबर दीड सेकंदाचं होईल, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबानं ३६ फ्रेम. सबंध पाठलाग १२८ आवर्तनांत बसला. इथवर गणित गोड होतं.

मग मी सँपल लायब्ररी उघडली आणि हावरटासारखा वागलो. या लायब्रऱ्यांमध्ये प्रत्येक वाद्य मोठ्या हॉलमध्ये, उत्तम माइकनं, एकेकटं रेकॉर्ड केलेलं असतं. प्रत्येक वाद्य एकटंच लग्नाचा हॉल भरून टाकेल असं. डबल बेस आणि चेलो खालच्या 'ई'वर खडखड वाजवत सुटलेले, त्यांच्याखाली मोठे ड्रम, मधे ट्रॉम्बोनचे लांब सूर, वर फ्रेंच हॉर्नची धून, सगळ्यांच्या डोक्यावर व्हायोलिनच्या ताना. ७२ ट्रॅक झाले. हेडफोनवर ऐकताना मला माझाच हेवा वाटत होता.

मिक्सिंगच्या खोलीत त्याचं इंजिन झालं.

साउंड इंजिनियरनं वाद नाही घातला. ती फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली आहे आणि तिची सवय अशी की बोलण्याऐवजी बटण दाबायचं. तिनं आधी फक्त गिरणी वाजवली, संगीत बंद. पडद्यावरच्या आलेखात आवाजाचा डोंगर ५० ते १२० हर्ट्‌झच्या मधे. (हर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं; आकडा जितका लहान तितका सूर खालचा.) मग गिरणी बंद, फक्त माझं संगीत. डोंगर त्याच जागी. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्‌झची, डबल बेसची ४१ची, मोठे ड्रम त्यांच्याच मधे. एका ओट्यावर दोन संसार मांडलेले. ती गिरणी वाढवायची की माझे चेलो बुडायचे, मी चेलो वाढवायला लावायचो की यान खेळण्यातलं वाटायचं. आणि दोन्ही वाढवलं की वैमानिक मुलीचं "डावीकडे घे!" हे वाक्य गायब, कारण शब्द ओळखू येतात ते व्यंजनांवरून, व्यंजनं राहतात साधारण १ ते ४ हजार हर्ट्‌झच्या घरात, आणि तिथे माझी व्हायोलिनं आधीच खुर्च्या अडवून बसलेली.

"तुझ्यातलं काय ऐकू यावं असं तुला वाटतं?" तिनं विचारलं. "एकच सांग."

मला एक सांगता येईना.

त्या रात्री घरी येऊन जुनी मालिका लावली. 'स्टार ट्रेक', अवकाशप्रवासाची अमेरिकन मालिका, मूळची, १९६०च्या दशकातली. दुसऱ्या सीझनमध्ये १९६७ साली आलेला 'द डूम्सडे मशीन' नावाचा भाग आहे, ग्रह गिळणाऱ्या एका प्रचंड यंत्राचा. संगीत सोल कॅप्लन यांचं. या माणसानं त्या मालिकेचे दोनच भाग केले, पण या भागातली त्या यंत्राची चाल एकदा ऐकली की विसरता येत नाही. खालच्या सुरात, ब्रासमध्ये, म्हणजे पितळी फुंकवाद्यांत, एक तोकडा तुकडा सारखा परत येतो आणि जवळ येत राहतो. सिनेमाच्या मानानं ऑर्केस्ट्रा लहान, आणि तरी कुठलं वाद्य काय करतंय ते वेगळं सांगता येतं. त्याच महिन्याभराच्या आगेमागे त्याच मालिकेचा 'अमोक टाइम' हा भाग आला, त्यात जेरल्ड फ्रीड यांचं द्वंद्वाचं संगीत आहे. फ्रीड मूळचे ओबोवादक. दोन मित्र एकमेकांच्या जिवावर उठलेत आणि खाली ते संगीत असं कोसळतं की पुढे कित्येक विनोदी कार्यक्रमांत मारामारी दाखवायची तर लोक तेच वाजवायला लागले.

हे मी आधीही पाहिलं होतं. या वेळी वही घेऊन बसलो आणि दोन गोष्टी लिहून काढल्या. पहिली, तेव्हा घरातल्या टीव्हीचा स्पीकर एवढासा असायचा. त्यातून ४० हर्ट्‌झचा ड्रम बाहेर पडणं शक्यच नव्हतं, म्हणून लिहिणारे मधल्या पट्ट्यात लिहायचे. आणि आपली मालिका लोक कशावर पाहणार? मोबाइलवर. मोबाइलच्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नाही. साठ वर्षं फिरून गाडी त्याच फाट्यावर आली.

दुसरी गोष्ट पैशाची. अमेरिकेत वादकांच्या युनियनचा करार असा होता की सीझनमध्ये ठरावीक तास रेकॉर्डिंग केलं की ते संगीत त्याच सीझनच्या इतर भागांत पुन्हा वापरता येई. म्हणून फ्रीड यांचं ते द्वंद्व त्या सीझनमध्ये पुन्हापुन्हा भेटतं, कापून, जोडून, भलत्याच मारामाऱ्यांखाली. आमच्याकडेही चार भाग आणि एका रेकॉर्डिंगचे पैसे होते. तेव्हा जे लिहायचं ते तुकड्यातुकड्यांनी सुटं करता येईल असंच लिहायला हवं होतं. ७२ ट्रॅकच्या खिचडीतून डाळ वेगळी काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी निर्मात्यांबरोबर बैठक. त्यांचं म्हणणं सरळ होतं: म्युझिक जाणवायलाच नको, मागे राहू दे. हा वाद नवा नाही. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'मध्ये रॉन जोन्स यांनी १९९०च्या 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' या कथेला जे संगीत दिलं, ते अजून लोक काढून ऐकतात. पण निर्माते रिक बर्मन यांना संगीत नजरेत न भरणारं हवं होतं, आणि चौथ्या सीझनमध्ये जोन्स बाहेर पडले. माझं मन अर्थातच जोन्स यांच्या बाजूचं. तरी खरं सांगायचं तर निर्माते काही अगदीच चुकीचं बोलत नव्हते. यानात सतत इंजिनाची घुमघुम असताना प्रत्येक सेकंदाला संगीत ओरडायला लागलं तर प्रेक्षक दोन्हीकडे कान बंद करतो. मी म्हटलं, "जाणवेल, पण सारखं नाही. मला अर्धे सूर कापायचे आहेत." पैसे वाढणार नाहीत असं ऐकल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

मग कापाकापी. डबल बेस पूर्ण बंद. खालचे ड्रम बंद. धावता ठेका चेलोकडून काढून व्हायोलाला, म्हणजे व्हायोलिनच्या थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या बहिणीला, दिला. व्हायोलाची सगळ्यात खालची तार १३१ हर्ट्‌झची, म्हणजे गिरणीच्या डोंगरावरून ती अलगद उडी मारते. व्हायोलिनं संवादाच्या वेळी गप्प, संवाद नसला की पुढे. धून एकच ठेवली, चार सुरांची, आणि ती नेहमी वैमानिक मुलीच्या मागे. गस्तीच्या यानाला संगीत नाही, त्याला फक्त आवाज. हे सुचलं तेव्हा इंजिनियरच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ऐकू यायचं एकच होतं: ही मुलगी अजून पळतेय.

आणि इंजिन बंद होतं तिथे नऊ सेकंद काहीच नाही. नऊ सेकंद म्हणजे बरोबर सहा आवर्तनं. अवकाशात हवा नाही, आवाज जात नाही, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून प्रत्येक शहाण्यानं ऐकवलं होतं. निदान नऊ सेकंद तरी आम्ही विज्ञानाच्या बाजूनं.

यात एक फाटा फुटला, तो सांगायलाच हवा. माझा मदतनीस मुलगा म्हणाला, ड्रम काढलेच आहेत तर ढोल-ताशा घेऊया ना. त्याच्या डोक्यात नवी 'बॅटलस्टार गॅलेक्टिका' ही अवकाशयुद्धाची अमेरिकन मालिका होती. १९७८च्या मूळ मालिकेला स्टू फिलिप्स यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा झगझगीत ऑर्केस्ट्रा दिला होता. २००३च्या लघुमालिकेपासून नव्या मंडळींनी तो मुद्दाम टाळला, आणि पुढे बेअर मॅक्रिअरी यांनी जपानी तायको ढोल, आर्मेनियाचं दुडुक हे फुंकवाद्य असं काय काय आणून युद्धाचं वेगळंच संगीत उभं केलं. ते तायको वापरतात तर आपण ढोल का नाही?

मला पटलं. एका पथकातले चौघे मित्र आले, नदीपात्रात जाऊन रेकॉर्डिंग केलं. टिपरू पडलं की छातीत धप्प बसत होतं. दृश्याखाली लावलं आणि ऑफिसातल्या सात-आठ जणांना दाखवलं. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मोरया!"

खोली हसून लोळली. संपलं. तायकोमागे अमेरिकन प्रेक्षकाला कुठला लक्ष्मी रोड दिसत नाही, म्हणून तो त्यांच्यासाठी निव्वळ आवाज राहू शकला. पुणेकराला ढोलामागे गुलाल दिसतो, दोरी धरलेली पोरं दिसतात, पायात आलेला गोळा आठवतो. यान तिथे टिकत नाही. शिवाय मोबाइलवर ढोलाचं पोट ऐकूच येईना, नुसती टिपरूची टकटक. ताशाचा मात्र एक तुकडा मी ठेवला, ताशावर उपरणं टाकून वाजवलेला, इंजिन पुन्हा पेटण्याच्या आधीचे तीन सेकंद. तो ताशा आहे हे आजवर कुणी ओळखलेलं नाही.

आता वादक. पैसे अकरा माणसांचे. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, एक चेलो, दोन ट्रम्पेट, एक ट्रॉम्बोन, एक युफोनियम (मोठं, खालच्या सुराचं पितळी वाद्य). तारवाद्यांची मंडळी पुण्या-मुंबईत रेकॉर्डिंग करणारी, त्यांची काळजी नव्हती. एकच भाग तीनदा वाजवून घ्यायचा आणि एकावर एक ठेवायचा, म्हणजे सात जणांचे एकवीस होतात. पूर्ण ऑर्केस्ट्राचा दाटपणा येत नाही, पण खऱ्या गजाची कुरकुर येते, आणि खाली थोडं सँपल ठेवलं की कान फसतो.

ब्राससाठी मी लग्नाच्या बँडवाल्यांकडे गेलो. पेठेतला जुना बँड, नाव नको. युफोनियमवाले काका सत्तरीच्या अलीकडचे, हयात वरातीत गेलेली. चौघांपैकी दोघांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत होतं, बाकी दोघांनी समोर बसून माझ्याकडून सरगम उतरवून घेतली, छोट्या वहीत, निळ्या पेनानं.

पहिली अडचण त्यांनीच काढली. मी सगळं 'ई मायनर'मध्ये लिहिलं होतं, आपल्या भाषेत पांढरी तीन. ट्रम्पेट 'बी फ्लॅट'चा, म्हणजे त्यांचा सा काळी पाचला. माझ्या पट्टीत त्यांच्या कागदावर तीन शार्प, म्हणजे तीन चढवलेले सूर, येत होते, आणि त्या वेगात बोटं अडखळत होती. काका म्हणाले, "सर, पांढरी पाच करा. पोरं झोपेत वाजवतील." पांढरी पाच म्हणजे 'जी'. त्यांच्या कागदावर एकही शार्प-फ्लॅट उरत नाही. मी घरी जाऊन पट्टी बदलली, तर चेलोही आपोआप तीन अर्धसुरांनी वर सरकला आणि गिरणीपासून आणखी लांब गेला. जे माझ्या आलेखानं सुचवायला हवं होतं, ते काकांनी सुचवलं.

रेकॉर्डिंग कोथरूडच्या एका स्टुडिओत, सकाळी नऊ ते एक. एकच्या पुढे सेकंद मिळणार नव्हता, लग्नसराई होती आणि संध्याकाळी त्यांची वरात होती.

सात मात्रांनी तासभर खाल्ला. मी शहाणपणा करून सांगितलं, "रूपक धरा." धरला त्यांनी, आणि सगळं उलटं झालं. रूपक तीन-दोन-दोन. माझा ठेका दोन-दोन-तीन. सात तेच, पण वजन भलतीकडे. क्लिक, म्हणजे हेडफोनमधली लयीची टिकटिक, कानात एक म्हणतेय, हात दुसरं म्हणतोय, आणि प्रत्येक आवर्तनाच्या तोंडाशी अकरा माणसं दारात अडकल्यासारखी एकमेकांवर आदळतायत. मी पुन्हा मोजून दाखवलं, एक दोन, एक दोन, एक दोन तीन. आकडे त्या वेगात जिभेवर बसत नाहीत.

काकांनी युफोनियम मांडीवर ठेवलं, थोडा विचार केला आणि म्हणाले, "भजी-वडा-जिलेबी."

भ-जी, व-डा, जि-ले-बी. दोन, दोन, तीन. एकदा सगळ्यांनी टाळीवर म्हटलं, मग मनात म्हणत वाजवलं, आणि दुसऱ्याच टेकला गाडी रुळावर. व्हायोलिनवाल्या मॅडमसुद्धा ओठ हलवत होत्या.

दुसरी चूक माझी एकट्याची. जोरदार, वरच्या सुरातले तुकडे मी शेवटी ठेवले होते, रंगत चढेल म्हणून. ब्रासवाल्याचे ओठ स्नायूच असतात, ते थकतात. ही माणसं तीन तास वरात काढतात, पण ती मोकळ्या हवेत, पूर्ण ताकदीनं. आम्ही त्यांना बंद खोलीत दबून वाजवायला लावत होतो, आणि दबून वर वाजवणं जास्त दमवतं. साडेबारापर्यंत धाकट्या ट्रम्पेटवाल्याचा वरचा सूर चिरकायला लागला. शेवटी इंजिनियरनं स्टुडिओतल्या दोन गाद्या स्टँडवर टांगल्या, चौघांचं तोंड गाद्यांकडे केलं आणि म्हणाली, "आता वरात समजा. फुल वाजवा." माइक मागे नेला. चिरकणं थांबलं आणि आवाजात पहिल्यांदा मजा आली. बारा पंचावन्नला शेवटचा सूर झाला.

इंजिन बंद होण्याचा क्षण हे आणखी एक त्रांगडं होतं. १ मिनिट ४१ सेकंद म्हणजे १०१ सेकंद. माझी ६७ आवर्तनं १०० सेकंद ५० शतांशांवर संपतात. अर्धा सेकंद कमी पडत होता. म्हणून तिथे दोनच मात्रांचा एक तुकडा घुसवला होता, जिलेबीशिवायचा, नुसता वडा. संगीत दोनपेक्षा कमी फ्रेम आधी थांबत होतं, चालून गेलं असतं. रेकॉर्डिंग झालं, आणि त्यानंतर चार दिवसांनी दिग्दर्शकानं फोन करून, अगदी हळू आवाजात, सांगितलं की त्यानं त्या क्षणाच्या आधीचे १४ फ्रेम कापलेत. "फक्त चौदा, दादा." पिक्चर लॉक, म्हणजे आता चित्र बदलायचं नाही असं ठरल्यावर!

मी फोन ठेवून जे बोललो ते इथे लिहीत नाही. मग गणित केलं. क्षण आता १०० सेकंद ४२ शतांशांवर आला होता. नुसता वडा काढून टाकला की ६७वं आवर्तन १००.५०ला संपतं, चित्रानंतर दोन फ्रेमनं. आणि ते आधीपेक्षा बरं बसलं, कारण डोळ्याला आधी दिसून कानाला किंचित नंतर कळणं हे आपल्या रोजच्या सवयीचं आहे, उलटं झालं की खटकतं. शिव्या परत घेतल्या नाहीत, पण फोन करून थँक यू म्हटलं.

दुसरं मिक्सिंग दीड दिवसात झालं. गिरणी खाली, व्हायोला तिच्यावर, धून मधे, संवाद मोकळा. फायनल करायच्या आधी आम्ही तिघं खाली अमृततुल्यमध्ये गेलो आणि स्टोव्हच्या भुरभुरीत, कपबश्यांच्या खडखडाटात, मोबाइलच्या स्पीकरवर पाठलाग लावला. धून ऐकू आली. "डावीकडे घे" ऐकू आलं. नऊ सेकंदांच्या शांततेत चहावाल्यानं वळून विचारलं, "बंद पडला का?" त्याच क्षणी ताशा आला. इंजिनियर फक्त इतकंच म्हणाली, "दोन कटिंग अजून."

सगळं सुधारलं असं मात्र नाही. शेवटच्या वीस सेकंदांत मी ट्रॉम्बोनचं सँपल खाली लपवून ठेवलं होतं, मोह सुटत नाही. तिथे वैमानिक मुलीच्या भावाचं एक वाक्य अजूनही चिखलात जातं, आणि पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना ते कळलेलं नाही. तुकडे सुटे ठेवल्याचा फायदा मात्र झाला. तिसऱ्या आणि चौथ्या भागात आम्ही तेच रेकॉर्डिंग कापून पाच ठिकाणी वापरलं, एकदा तर नुसत्या व्हायोला ठेवून, एका अंत्यविधीच्या दृश्याखाली, अर्ध्या लयीत. कुणाच्या लक्षात आलं नाही.

भाग आला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. नातवानं टीव्हीवर लावून दिला होता.

"छान आहे सर. पोरगी चांगली पळते. पण आमचा शेवटचा सूर तुम्ही फार लवकर तोडलात."

मी म्हटलं, "काका, पुढच्या दृश्यात लगेच संवाद आहे."

"असेल. पण तोडलात."

फोन ठेवून प्रोजेक्ट उघडला आणि मूळ टेक काढला. मालिकेत जिथे तो सूर संपतो, त्याच्यापुढे टेकमध्ये आणखी चार सेकंद आहेत. सूर हळूहळू विरत जातो, काका श्वास सोडतात, आणि मागून धाकटा ट्रम्पेटवाला दमलेल्या आवाजात म्हणतो, "जिलेबी."